आपलं पत्र कोण लिहितं?

(चंदीगड आणि मोहालीत शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांच्या एका बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)



‘जगभरातले सिनेमे बघताना’ या विषयावर बोल, असं मला सांगितलं गेलं. मी सिनेमाची अभ्यासक नाही. एम. ए. समाजशास्त्रात केलं. आता पीएच.डी.साठी या शहरातल्या कंत्राटी सफाई कामगारांसोबत काम करते. दिवसा मुलाखती असतात आणि रात्री हॉस्टेलच्या खोलीत लॅपटॉपवर सिनेमे बघते. ही सवय आता सात-आठ वर्षांची आहे. तेव्हा आज कॅमेऱ्याचे अँगल आणि लेन्स यांबद्दल फारसं ऐकायला मिळणार नाही. हिंगोली जिल्ह्यातल्या एका सालगड्याची मुलगी इटलीचा, कोरियाचा, सेनेगलचा सिनेमा बघते तेव्हा तिला काय दिसतं, तेवढंच सांगते.

आणखी एक गोष्ट. आपण महाराष्ट्रातून इथे आलो. इथून जवळच्याच रोपड जिल्ह्यातले कांशीराम साहेब आपल्या उलट वाटेने पुण्याला नोकरीसाठी गेले होते. तिथे दीनाभाना आणि डी. के. खापर्डे यांच्या सोबतीत त्यांना बाबासाहेब भेटले आणि पुढे देशाचं राजकारण बदललं. म्हणजे या वाटेवर जा-ये करताना काहीतरी घेऊन परतायचं असतं, हा आपला जुना रिवाज आहे. मी काय घेऊन परतणार, हा प्रश्न माझ्या डोक्यात कायम असतो. सिनेमाबद्दलसुद्धा.

आमच्या गावात थिएटर नव्हतं. वस्तीतल्या मुलांना सिनेमा दिसायचा तो १४ एप्रिलच्या आसपास. विहाराच्या भिंतीवर पांढरी चादर ताणायची, तालुक्याहून भाड्याने प्रोजेक्टर आणायचा आणि जब्बार पटेलांचा ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’ लावायचा. २००० सालचा, मूळ इंग्रजीत केलेला सिनेमा. बाबासाहेब झालेले मामुट्टी केरळचे. आवाज डबिंगचा. पडद्यावर न्यूयॉर्क, लंडन. कोलंबिया विद्यापीठाच्या पायऱ्या दिसल्या की म्हाताऱ्या बायका हात जोडायच्या. एका मल्याळी मुसलमान नटाला आमच्या वस्तीने बाबासाहेब म्हणून बिनतक्रार स्वीकारलं होतं. ‘जागतिक सिनेमा’ हा शब्द मी पुढे विद्यापीठात ऐकला, पण दुसऱ्या भाषेतलं, दुसऱ्या देशातलं चित्र बघून ‘हे आपलं आहे’ म्हणणं आमच्या चादरीसमोर आधीच झालेलं होतं.

विद्यापीठात आल्यावर मात्र सिनेमा बघणं ही वेगळीच गोष्ट आहे असं कळलं. ज्यांच्या घरात दोन-तीन पिढ्या पुस्तकं आहेत, त्यांच्याकडे दिग्दर्शकांची नावं वडिलोपार्जित जमिनीसारखी असतात. कुरोसावा, तारकोव्हस्की, गोदार. ते उच्चार त्यांना शिकावे लागत नाहीत. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ बोर्दियू यांनी १९७९ च्या पुस्तकात हेच मांडलं आहे की आवडनिवड ही वरवर खासगी दिसते, पण ती माणसाला त्याच्या वर्गाच्या जागेवर बसवायचं काम करते. आपल्याकडे त्या जागेला जातही असते. पहिल्या पिढीच्या पदवीधराला इथे एक शिडी दाखवली जाते. हे सिनेमे बघ, या शब्दांत बोल आणि वर ये. वर येताना मागचं काय सोडायचं, ते कुणी स्पष्ट सांगत नाही. माझ्या बाबतीत ते एका फिल्म क्लबमध्ये कळलं.

एम. ए.ला असताना एका शहरातल्या क्लबमध्ये ‘बायसिकल थीव्ज’ दाखवला होता. व्हित्तोरिओ दे सिका यांचा १९४८ चा सिनेमा. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. युद्धानंतरचं रोम, बेकारी. अँतोनियोला भिंतींवर पोस्टर चिकटवायचं काम मिळतं, पण अट अशी की सायकल हवी. बायको घरातल्या चादरी गहाण टाकून त्याची गहाण पडलेली सायकल सोडवते. पहिल्याच दिवशी ती चोरीला जाते. मग बाप आणि लहान मुलगा दिवसभर शहर पालथं घालतात. अँतोनियोचं काम करणारा लाम्बेर्तो माज्जोरानी हा खरोखरचा कारखान्यातला कामगार होता. सिनेमा जगभर गाजला आणि पुढे त्याला कारखान्यातून कमी केलं गेलं.

चादरी ठेवायला माणूस शिडीवर चढतो आणि छतापर्यंत गाठोडीच गाठोडी दिसतात, ते दृश्य मी विसरू शकत नाही. आमच्या घरातली तांब्याची घागर दर दोन वर्षांनी सावकाराकडे जायची. हा सिनेमा मला आवडतो, हे आधी स्पष्ट सांगते.

सिनेमा संपल्यावर चर्चा झाली. सगळे म्हणत होते की ही सार्वत्रिक, मानवी कथा आहे, ती कुठेही घडू शकते. मी शेवटाबद्दल बोलले. शेवटी अँतोनियो स्वतः सायकल चोरायला जातो, पकडला जातो, लोक त्याला मारतात, मुलासमोर त्याची लाज निघते. सायकलवाला त्याला सोडून देतो. मग बाप आणि मुलगा हात धरून गर्दीत चालत जातात आणि हळूहळू दिसेनासे होतात. मी म्हटलं, हा गर्दीत मिसळू शकतो. उद्या दुसऱ्या गल्लीत त्याला कुणी ओळखणार नाही. आपल्या गावात हे कुठेही घडू शकत नाही, कारण आपली गर्दी माणसाला मिसळू देत नाही. उदाहरण म्हणून मी ‘फँड्री’चं नाव घेतलं. उत्तर आलं, सिनेमा सिनेमा म्हणून बघा, प्रत्येक ठिकाणी जात आणू नका. पुढच्या वक्त्याने प्रकाशयोजनेवर बोलायला सुरुवात केली.

त्या रात्री खोलीवर येऊन मी ‘फँड्री’ पुन्हा लावला. नागराज मंजुळे यांचा २०१३ चा सिनेमा. कैकाडी भाषेत फँड्री म्हणजे डुक्कर. जब्याच्या घरच्यांना शाळेजवळ डुकरं पकडावी लागतात. वर्गातली मुलं, मास्तर, जिच्यावर त्याचा जीव आहे ती शालू, सगळे बघ्यांमध्ये आहेत. जब्या भिंतीआड लपतो, पण त्याला लपता येत नाही, कारण त्या गर्दीत त्याचं नाव, आडनाव, बाप, घर सगळ्यांना पाठ आहे. अँतोनियोची बेअब्रू एका संध्याकाळची आहे. जब्याची बेअब्रू त्याच्या जन्माआधीपासून चालत आलेली आहे. गरिबी आणि जात यांतला फरक मला पुस्तकांनी सांगितला होता. या दोन गर्द्या शेजारी ठेवल्यावर तो डोळ्यांना दिसला. आणि माझ्या मते ही सिनेमाचीच चर्चा आहे. गर्दी कशी उभी केली, माणूस तिच्यात विरघळतो की तिच्या मधोमध उघडा पडतो, हा दिग्दर्शकाने घेतलेला निर्णय असतो.

अशीच दुसरी जोडी सांगते. बोंग जून-हो यांचा ‘पॅरासाइट’. २०१९ चा कान महोत्सवातला सर्वोच्च पुरस्कार आणि पुढच्या वर्षी ऑस्कर. सेऊलमधलं एक कुटुंब अर्ध्या तळघरात राहतं आणि एकेक करून एका श्रीमंत घरात कामाला लागतं. चौघं वेगवेगळे असल्याचं नाटक करतात, पण श्रीमंतांच्या लहान मुलाला कळतं की चौघांना एकच वास येतो. पुढे त्या वासावरूनच खून होतो. आपल्याकडच्या इंग्रजी वर्तुळात या वासावर भरपूर लिहिलं गेलं. लिहिणारे ज्या सोसायट्यांमध्ये राहतात, तिथे कामवाल्या बायकांसाठी वेगळी लिफ्ट असते, त्यावर मात्र त्याच हातांना शब्द सुचत नाहीत.

त्या सिनेमात मुलगी म्हणते की हा आपल्या तळघराचा वास आहे, घर सोडल्याशिवाय जाणार नाही. म्हणजे सोडलं तर जाईल. माझ्या संशोधनात एक ताई भेटल्या. याच शहरात रस्ते झाडतात. ड्युटी संपल्यावर आंघोळ करून, कपडे बदलून बसमध्ये बसतात. तरी शेजारची बाई पदर नाकाला लावते, कारण पिशवीतून गणवेशाचं टोक दिसतं. ताई म्हणाल्या, “वास माझ्या अंगाला नाही, तिच्या नाकात आहे.” कोरियातला वास घराचा होता, इथला वास बघणाऱ्याच्या नजरेत आहे. ताईंनी ‘पॅरासाइट’ पाहिलेला नाही. पण मला तो सिनेमा त्यांच्यामुळे नीट समजला.

आता ज्या सिनेमासाठी मी खरं तर आज बोलायला उभी राहिले, त्याबद्दल सांगते. ‘ब्लॅक गर्ल’. १९६६ चा, जेमतेम तासाभराचा, उस्मान सेम्बेन यांचा. सेनेगलमधल्या डकारची दियुआना ही तरुण मुलगी एका फ्रेंच कुटुंबाकडे मुलं सांभाळायला लागते. ते तिला फ्रान्सला नेतात. तिला वाटतं फ्रान्स बघायला मिळेल. तिथे गेल्यावर स्वयंपाक, फरशी, कपडे सगळं तिच्या गळ्यात पडतं. ती छान पोशाख आणि उंच टाचांचे बूट घालून काम करते, तर मालकीण तिला एप्रन बांधायला लावते आणि बूट काढायला सांगते. मोठ्याने ती फार कमी बोलते. तिच्या मनातलं सगळं आपल्याला ऐकू येतं आणि त्या घरातल्या कुणालाच ऐकू येत नाही.

गेल्या उन्हाळ्यात गावी गेले होते तेव्हा हा सिनेमा मायसोबत पाहिला. रात्री अंगणात बाजेवर लॅपटॉप ठेवला. सिनेमा फ्रेंचमध्ये, सबटायटल इंग्रजीत. मी एकेक ओळ वाचायची आणि मायच्या कानात आमच्या बोलीत सांगायची. माझी माय गावातल्या शाळेत पोषण आहार शिजवते. मानधन तुटपुंजं, आणि तेही कधी कधी तीन-तीन महिने येत नाही. सिनेमा सुरू होऊन थोडाच वेळ झाला होता. दियुआना स्वयंपाकघरात उभी होती. माय म्हणाली, “आगं, हिला पगार कव्हा देतेत?”

मी या सिनेमावर तीन-चार लेख वाचले होते. वसाहतवाद, अस्मिता, काळं-पांढरं रंगसंगतीचं प्रतीक. मायने विचारलेला प्रश्न मला त्यांत ठळकपणे कुठे सापडला नव्हता. आणि सिनेमा नेमका तिथेच जातो. तिला पैसे दिलेलेच नसतात.

मग पत्राचा प्रसंग येतो. दियुआनाच्या आईचं पत्र आलेलं असतं. तिला वाचता येत नाही, म्हणून मालक ते वाचून दाखवतो. आई म्हणते की पोरी, तू पैसे पाठवले नाहीस. मालक लगेच कागद घेऊन तिच्या वतीने उत्तर लिहायला बसतो. मी बरी आहे वगैरे. तिला काय म्हणायचं आहे हे तिच्याकडून येण्याआधीच तो लिहायला लागतो. आणि दियुआना आईचं ते पत्र फाडून टाकते.

मायने मला थांबवायला लावलं. ती म्हणाली, तिचं लग्न झाल्यावर पहिली दोन वर्षं तिची पत्रं गावातला एक लिहिता-वाचता माणूस लिहून द्यायचा. ती सांगायची, सासरी जड जातंय. तो लिहायचा, इकडे सर्व कुशल आहे. माहेरी कुणी धावून आलं नाही. का आलं नाही, हे तिला पुढे कितीतरी वर्षांनी कळलं, माझ्या मामाने ती जुनी पत्रं वाचून दाखवली तेव्हा.

मित्रांनो, प्रतिनिधित्व या विषयावर आपण सेमिनारमध्ये दोन-दोन तास बोलतो. मला तो विषय त्या बाजेवर समजला. तुमच्या नावाने पत्र जातं. त्यात अक्षर सुंदर असतं, भाषा शुद्ध असते, लिहिणाऱ्याचा हेतूसुद्धा कदाचित वाईट नसतो. पण पत्रात लिहिलेलं असतं, सर्व कुशल आहे. ‘सार्वत्रिक मानवी कथा’ हे मला तसंच पत्र वाटतं. त्यातून फक्त एकच शब्द गाळलेला असतो, आणि नेमका तो शब्दच आपल्याला सांगायचा असतो.

सिनेमाच्या शेवटी दियुआना जीव देते. मालक तिची पेटी आणि राहिलेला पगार घेऊन डकारला तिच्या आईकडे जातो. आई पैसे घेत नाही. माय तेव्हा एवढंच म्हणाली, “नाही घेतले ना? बरं केलं.” मग एक लहान मुलगा चेहऱ्यावर मुखवटा लावून त्या गोऱ्या माणसामागे चालत राहतो. हातात काही नाही. फक्त मागे चालतो. आणि तो माणूस घाबरून पावलं उचलायला लागतो.

हे सेम्बेन कोण? शाळा अर्धवट सुटलेला माणूस. मार्सेच्या बंदरात हमाली केली. तिथे कामगार संघटनेत वाचायला-लिहायला लागला. पहिली कादंबरी १९५६ साली आली ती बंदरातल्या काळ्या हमालावरच. पण त्याच्या लक्षात आलं की ज्यांच्यासाठी लिहितो त्यातल्या बहुतेकांना वाचता येत नाही. तेव्हा जवळजवळ चाळिशीत तो मॉस्कोला जाऊन सिनेमा शिकला. आणि मालकाच्या भाषेतही थांबला नाही. १९६८ ला त्याने ‘मंदाबी’ केला, तो वोलोफमध्ये, म्हणजे आपल्या लोकांच्या बोलीत.

‘मंदाबी’ म्हणजे मनीऑर्डर. एका बेकार गृहस्थाला पॅरिसमधल्या भाच्याची मनीऑर्डर येते. पोस्टात ओळखपत्र मागतात. ओळखपत्रासाठी जन्माचा दाखला हवा. दाखल्यासाठी नेमकी जन्मतारीख हवी. मग फोटो, मग स्टॅम्प, मग साहेब जेवायला गेलेत. तुम्ही हसताय, कारण तुम्हाला जात पडताळणीच्या चकरा आठवल्या. १९५० पूर्वीचा पुरावा आणा, आजोबांची शाळेतली नोंद आणा. आजोबांना शाळेत बसू दिलं नव्हतं, त्याची नोंद कुठून आणायची? हा सिनेमा मी हॉस्टेलवर पाच-सहा जणींसोबत पाहिला. पंजाबी, बिहारी, मराठी पोरी होत्या. आम्ही इतक्या हसलो की वॉर्डन मॅडम येऊन गेल्या. दुसऱ्या दिवशी प्रत्येकीने आपापल्या दाखल्याची गोष्ट सांगितली. सिनेमावर झालेली मी ऐकलेली सर्वांत चांगली चर्चा ती होती.

आता जरा दगडाबद्दल. केरळातल्या पहिल्या मल्याळी सिनेमाची, ‘विगतकुमारन’ची नायिका पी. के. रोझी ही दलित बाई होती. पडद्यावर तिने नायर स्त्रीची भूमिका केली. तिरुवनंतपुरममधल्या खेळात सवर्ण प्रेक्षकांनी पडद्यावर दगड मारले. रोझीला गाव सोडून परागंदा व्हावं लागलं आणि ती पुन्हा कधी पडद्यावर आली नाही. म्हणजे आपल्याकडे सिनेमातला पहिला दगड प्रेक्षकांकडून पडद्याकडे गेला.

श्याम बेनेगल यांच्या ‘अंकुर’च्या (१९७४) शेवटी एक छोटा मुलगा जमीनदाराच्या खिडकीवर दगड मारतो. तो दगड बघताना आपण सुरक्षित असतो, कारण खिडकी जमीनदाराची आहे. ‘फँड्री’च्या शेवटी जब्या दगड मारतो तो थेट कॅमेऱ्याच्या दिशेने, म्हणजे बघणाऱ्यांच्या दिशेने. रोझीवर उचललेला दगड इतक्या वर्षांनी पडद्याकडून परत येतो. मला या तीन दगडांत भारतीय सिनेमाचा सगळा इतिहास दिसतो. आणि सेम्बेनचा तो मुखवटा घातलेला मुलगा जब्याचा थोरला भाऊ वाटतो. दोघांनीही बघणाऱ्याला त्याच्या खुर्चीतून उठवलं. हे जमलं, कारण पत्र लिहिणारा हात आपला होता.

आता आपण ज्या शहरात बसलो आहोत तिथे येऊ. चंदीगडवर जगाने सिनेमा केला आहे, हे किती जणांना माहीत आहे? स्विस दिग्दर्शक आलँ तानेर यांचा १९६६ चा माहितीपट आहे. निवेदन जॉन बर्जर यांचं. शहर अजून अर्धवट उभं आहे. ल कॉर्बुझिएच्या काँक्रीटच्या भव्य इमारती, आणि त्या उभ्या करणारे मजूर, डोक्यावर माल वाहणाऱ्या बाया. परदेशी माणसाला त्या बाया दिसल्या, याचं मला कौतुक वाटतं. पण त्या कुठून आल्या, त्यांची जात काय, काम संपल्यावर त्या कुठे राहायला गेल्या, याचं उत्तर शहराच्या नकाशात शोधावं लागतं. सेक्टरांना नंबर दिले तसे मजुरांच्या वस्त्यांनाही नंबर पडले. त्यातली कॉलनी नंबर चार प्रशासनाने १ मे २०२२ ला पाडली. हो, कामगार दिनी.

पंजाबचंही बघा. २०११ च्या जनगणनेनुसार पंजाबात अनुसूचित जातींची लोकसंख्या जवळपास ३२ टक्के आहे, देशातल्या सगळ्या राज्यांत सर्वांत जास्त प्रमाण. आणि गावच्या थिएटरमध्ये लागणारे पंजाबी सिनेमे कोणते? ‘जट्ट अँड ज्युलिएट’, ‘कॅरी ऑन जट्टा’, ‘जट्ट जेम्स बाँड’. आपल्याला यात हसण्यासारखं काही नाही. आपल्या मराठी सिनेमात वाडा कुणाचा आणि पाटील कोण, हे आठवा.

त्याच पंजाबात २०११ साली गुरविंदर सिंग यांनी ‘अन्हे घोडे दा दान’ केला. गुरदयाल सिंग यांच्या कादंबरीवरचा. गुरदयाल सिंग हे सुतारकाम करणाऱ्या घरातले, लहानपणी शाळा सोडून रंधा हातात घ्यावा लागला होता. सिनेमा व्हेनिसच्या महोत्सवात गेला, त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. गोष्ट एवढीच. बठिंड्याजवळच्या गावात जमीनदाराने जमीन कारखान्याला विकली म्हणून एका दलिताचं घर पाडलं जातं. दुसऱ्या घरातला मुलगा शहरात सायकलरिक्षा ओढतो, तिथे संप चालू आहे. कुणी मोठं भाषण करत नाही. थंडी, धुकं, आणि शाल पांघरून उभी असलेली माणसं. कॅमेरा त्यांच्या चेहऱ्यांवर इतका वेळ थांबतो की आपण अस्वस्थ होतो. एका पंजाबी मैत्रिणीने सांगितलं, तिच्या बापूंनी हा सिनेमा पाहिला आणि म्हणाले, आमच्याकडे इतका वेळ आजपर्यंत कुणी बघितलं नव्हतं.

हे पत्र पोस्टातच अडवलं जातं, तेही लक्षात ठेवा. संध्या सुरी यांचा ‘संतोष’ एका दलित मुलीच्या खुनाच्या तपासावर आहे. २०२४ ला कानमध्ये दाखवला गेला, ब्रिटनने तो ऑस्करला पाठवला, आणि भारतात सेन्सॉरने तो थिएटरपर्यंत येऊ दिला नाही. २०२५ ला ‘फुले’ सिनेमा जोतीराव-सावित्रीमाईंवर आला. ११ एप्रिलला, म्हणजे जोतीरावांच्या जयंतीलाच तो लागणार होता. ब्राह्मण संघटनांनी आक्षेप घेतले, जातींचे उल्लेख बदलायला सांगितलं गेलं आणि तो दोन आठवडे पुढे गेला. जोतीरावांच्या गोष्टीतून जातीचे शब्द काढायचे म्हणजे पुन्हा तेच, सर्व कुशल आहे.

आपल्या परंपरेत याचं उत्तर आहे. १९४६ साली बाबासाहेबांनी अमेरिकेतल्या डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहिलं. अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या वतीने संयुक्त राष्ट्रांकडे गाऱ्हाणं मांडलं जातंय, त्याच्या प्रती त्यांनी मागवल्या, कारण आपल्या लोकांसाठीही तो मार्ग धरता येईल का, हे त्यांना बघायचं होतं. डु बॉइस यांचं उत्तरही आलं. जगाकडे कसं बघायचं याचा हा नमुना आहे. बाबासाहेब तिकडे सुसंस्कृत व्हायला बघत नव्हते. आपल्या लोकांच्या कामाचं काय आहे, ते शोधत होते. १९७२ ला दलित पँथरने नाव घेतलं तेही याच नजरेने. आणि आता रस्ता दोन्हीकडून चालू आहे. एव्हा डुव्हर्ने या काळ्या अमेरिकन दिग्दर्शिकेच्या ‘ओरिजिन’ (२०२३) मध्ये बाबासाहेब आहेत, आणि नांदेडच्या वस्तीतून गेलेले सुरज एंगडे त्यात स्वतःच्याच भूमिकेत आहेत.

तर शेवटी आपण काय करायचं? तीन गोष्टी सुचवते.

पहिली. कुठलाही सिनेमा बघताना आपले प्रश्न सोबत न्या. काम कोण करतंय आणि पगार कुणाला मिळतोय? गर्दी माणसाला मिसळू देते का? ही गोष्ट ज्याची आहे, पत्र त्याच्याच हाताने लिहिलंय का? हे प्रश्न तारकोव्हस्कीलाही विचारता येतात आणि ‘सैराट’लाही. जात आणू नका असं कुणी म्हटलं तर सांगा, आम्ही आणलेली नाही, तुमच्या डोळ्यांसमोर होती.

दुसरी. एकटं बघू नका. आपण इंग्रजी सबटायटल वाचू शकणारी घरातली पहिली पिढी आहोत. ही आपल्या आईबापांच्या मेहनतीची कमाई आहे, ती आपल्याच कानात संपवायची नाही. घरी जाल तेव्हा एक सिनेमा बोलीत सांगत दाखवा. त्यांचं मत विचारा आणि ते लिहून ठेवा. ती समीक्षा आहे.

तिसरी. लिहा. पीएच.डी. झाल्यावर नाही, आत्ता. दोन पानं लिहा, मराठीत लिहा. मोबाईलवर पाच मिनिटांचा सिनेमा करा. अक्षर वाकडं असेल, चालेल. माझ्या मायच्या पत्रांतलं अक्षर फार सुंदर होतं.

येत्या रविवारी संध्याकाळी आपण ‘मंदाबी’ बघणार आहोत. येताना प्रत्येकाने इंग्रजी न वाचणारं एक माणूस सोबत आणायचं. मेसमधले काका, बांधकामावरची ताई, कुणीही. मराठी मी सांगेन. पंजाबी आणि हिंदी सांगायला दोन जण लागतील, त्यांनी जाण्याआधी मला नावं द्यावीत.

जय भीम.